तीन शाळांचा तक्ता

मे महिन्यात अमरावतीत दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. त्या वेळी रस्त्यावर कोणी दिसलंच, तर ते आम्ही, सरकारी शाळेचे मास्तर. तोंडाला दुपट्टा, काखेत फाईल, आणि दारोदार एकच मागणी: मूल द्या हो, मूल. लोकांना वाटतं मास्तरांना उन्हाळ्याच्या सुट्या असतात. असतात ना, कॅलेंडरवर असतात.

मी शैला. राजापेठेच्या मागे पाण्याची टाकी आहे, तिच्या बुडाशी आमची शाळा. लोक तिला टाकीची शाळा म्हणतात. सहावी ते आठवी या वरच्या तीन वर्गांना शिक्षक एकच, ती मी. बावीस वर्षं झाली. गणित मी, विज्ञान मी, इंग्रजी मी आणि शनिवारी सकाळी कवायतीची शिट्टीही माझ्याच तोंडात.

यंदा वरून फर्मान आलं की तीस सप्टेंबरला तिन्ही वर्ग मिळून वीस मुलं पटावर नसली, तर वर्ग बंद. मुलं दुसऱ्या शाळेत जातील आणि बाई ‘अतिरिक्त’ ठरतील. अतिरिक्त म्हणजे काय ते सांगते. जास्त झालेलं मीठ जसं काढता येत नाही, पण खाववतही नाही, तसं माणूस. मग त्याला कुठेही टाकतात. माझ्याबरोबरच्या एका बाईंना मागे चिखलदऱ्याच्या वर, डोंगरात टाकलं होतं. लोक तिथे हवा खायला जातात, त्या रोज रडायला जात.

माझ्याकडे मुलं होती एकोणीस.

आजूबाजूला आणखी दोन सरकारी शाळा, भाजीबाजाराची आणि नाल्यापलीकडची. त्यांनाही मुलं हवी होती. त्यामुळे एकाच घरी सकाळी भाजीबाजाराचे सर येऊन जात, दुपारी मी आणि संध्याकाळी नाल्याच्या मॅडम. कोणी दप्तर देऊ म्हणे, कोणी रिक्षा लावून देऊ. आईबाप आम्हाला मेथीची जुडी पारखावी तसे पारखत होते. पारखू देत. आयुष्यभर आम्ही त्यांच्या लेकरांना पारखलं, एकदा आमची पाळी आली.

मी शक्कल काढली. एक तक्ता छापून घेतला, रंगीत. वर ‘तुमच्या मुलासाठी कोणती शाळा?’ आणि खाली तीन शाळांचे तीन रकाने. पिण्याचं पाणी, मुलींसाठी वेगळं शौचालय, संगणक खोली, प्रत्येक विषयाला शिक्षक. आमच्या रकान्यात सगळीकडे हिरवी बरोबरची खूण. इतरांच्या रकान्यात जिथे जमेल तिथे लाल फुली. ‘प्रत्येक विषयाला शिक्षक’ हे तर खोटंही नव्हतं. प्रत्येक विषयाला होतीच की मी.

तो तक्ता घेऊन मी हलीमाबीच्या दारात गेले. तिची नात तुबा पाचवी झाली होती आणि तिची शाळा पाचवीपर्यंतच होती. आई लहानपणीच वारलेली. बाप ताहेर गाद्या भरायचा, तो कामावर गेलेला. हलीमाबीने मला खाटेवर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि तक्ता हातात घेऊन उलटा धरला. वाचता येत नव्हतं. नातीने तो सुलटा केला आणि सगळा वाचून दाखवला, फुल्यांसकट.

ऐकून झाल्यावर म्हातारी म्हणाली, “मी तिन्ही शाळा पायतो बाई, आपल्या डोयानं. मंग सांगतो.”

मला हसू आलं. सही करता न येणारी बाई शाळा तपासणार! पण ती खरंच फिरली. तीन दिवस, डोक्यावर ओला पंचा टाकून, नातीचा हात धरून. चौथ्या दिवशी आमच्या शाळेत आली. मी संगणक खोली दाखवायच्या तयारीत होते, म्हणजे खिडकीतून. किल्ली कोणाकडे आहे हे बावीस वर्षांत मलाही कळलेलं नाही. पण ती खोलीकडे वळलीच नाही. माझ्यासमोर उभी राहून एकच विचारलं.

“बाई, तुमचं लेकरू कोनत्या शाळेत जाते?”

माझा ईशान सातवीत, गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेत. पिवळी बस दारात येते. काहीतरी थाप मारावी असं मनात आलं. पण ऊन होतं, घसा कोरडा होता आणि खरं सांगायचं तर मी थकले होते.

“प्रायव्हेट शाळेत, आजी. इंग्रजी.”

“मंग इथं काहून नाई?”

“भीती वाटते,” मी म्हटलं. “आमच्या शाळेत मी एकटी आहे. सगळं माझ्याच्यानं होत नाही. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप आहे. तक्त्यात लिहिलंय ते अर्धं खोटं आहे.”

म्हटलं, झालं, विसावं मूल गेलं हातचं. बावीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले आणि तेही चुकीच्या मुहूर्तावर.

हलीमाबी म्हणाली, “तिन्ही शाळेत मी हेच इचारलं. भाजीबाजाराचे सर म्हनले मले लेकरंच नाईत, अन् त्यायच्या मोबाईलवर पोराचा फोटो. नाल्याच्या मॅडमनं बोलनंच बदलून टाकलं. तुमी खरं बोलल्या. जी बाई तोंडावर खरं बोलते, ते माया पोरीले फसवनार नाई.” आणि नातीकडे वळून म्हणाली, “तुबा, कर वं गोल.” तुबाने माझ्या तक्त्यावर आमच्या रकान्याभोवती पेनने गोल केला. हलीमाबीने कागदाची घडी घालून ती कमरेच्या बटव्यात ठेवली.

अशी माझी विसावी आली. मी त्याच दिवशी तिचा दाखला आणून कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि ऑनलाईन नाव भरलं. आमच्याकडे म्हणतातच, दाखला कपाटात तर मूल आपलं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. तुबा पहिल्या बाकावर बसायची. फळा पुसायचं काम तिने स्वतःहून घेतलं होतं, पण कोपऱ्यातली तारीख कधी पुसायची नाही. “दिवस बाकी हाय ना बाई,” म्हणायची. अपूर्णांक शिकवले की मागे लागायची, अजून एक गणित द्या, अजून एक. तिच्या शेजारी स्वराली बसे. स्वरालीचा बाप श्रावण हमाल. त्याने मला बजावून ठेवलं होतं, “मॅडम, टाकीची शाळा हाय तोवर पोरगी शिकते. हे बंद झाली त मी तिले नाल्यापलीकडं धाडत नाई. मोठा रस्ता हाय, ट्रका धावतात.”

हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे केलं त्याला मला हाच आधार होता. आधार म्हणा, नाहीतर निमित्त.

जुलैअखेर ताहेरचा फोन आला. त्याच्या मेहुण्याने मोर्शीत गाद्यांचं दुकान टाकलं होतं आणि त्याला भागीत बोलावलं होतं. ते सगळे चालले होते. “मॅडम, पोरीचं नाव तेवढं सोडून द्या. तिथल्या शाळेत टाकतो.”

मी म्हटलं, “हो हो, करते.”

आमचे मुख्याध्यापक शेखर सर. माणूस वाईट नाही, फक्त पाठीचा कणा घरी ठेवून येतो. त्यांना सांगितलं तर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “शैलाताई, वेड लागलं काय? एकोणीस होतील. तीस सप्टेंबरचा आकडा जाऊ द्या, एक तारखेला सोडा. दोन महिन्यांनं पोरीचं काय बिघडते?”

दोन महिन्यांनी पोरीचं काय बिघडतं? मी बावीस वर्षं शिकवते, मला माहीत होतं काय बिघडतं. तरी मी नाव सोडलं नाही.

मोर्शीच्या शाळेने ऑनलाईन मागणी पाठवली. आमच्या स्क्रीनवर रोज ती ओळ दिसायची, तुबा ताहेर, सहावी, आणि समोर बटण, ‘मान्य करा’. एक बोट लावायचं काम. ते बोट मी लावत नव्हते. उलट हजेरीपटावर रोज तिच्या नावापुढे हजर लिहीत होते. मूल पटावर आहे तर हजरही दिसलं पाहिजे ना. एकदा गाय मारली की वासरूही मारावंच लागतं.

ताहेर फोन करी. मी सांगे, “साईट बंद आहे भाऊ.” हे वाक्य सगळ्या सरकारी कचेऱ्यांत चालतं. यावर कोणी काही बोलू शकत नाही. पाऊस पडत नाही, वीज येत नाही, साईट बंद आहे. कोणाचाच दोष नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हलीमाबी स्वतः आली, मोर्शीहून एसटीने. मी वर्गात होते. ती व्हरांड्यात उभी.

“बाई, तिथल्या शाळेनं पंधरा रोज बसू देल्लं पोरीले. आता म्हनतात, नाव येऊ द्या मंग या. पुस्तकं देत नाईत, खिचडी देत नाईत. घरीच बसून राहिली.”

“आजी, साईट बंद आहे.”

“कवा उघडते?”

“सांगता येत नाही. कधीही उघडते.”

“मंग मी बसतो,” ती म्हणाली. आणि व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली.

मला वाटलं, तासाभराने जाईल. नाही गेली. तिला साईट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. टपाल कचेरीच्या खिडकीसारखं काही असावं, कोणीतरी येऊन उघडणार, तेव्हा आपण रांगेत पहिले असावं, असा तिचा हिशेब. मधल्या सुट्टीत मुलींनी तिला खिचडी नेऊन दिली. मी बाहेर आले की विचारी, “उघडली का वं बाई?” मी मान हलवी. चार वाजता शेवटच्या गाडीच्या धास्तीने उठली. “येतो मंग पुढच्या सोमवारी.”

आणि ती आली. पुढच्या सोमवारी आणि त्याच्या पुढच्या. पोळ्याच्या आठवड्यात आली, गणपतीत आली. दर खेपेला रुमालात काहीतरी बांधून आणायची. एकदा बागेतली चार हिरवी संत्री आणली. “अजून आंबट हायेत, पन ठेवा. पिकतीन.” मी ती टेबलाच्या खणात ठेवली. खण उघडला की वास यायचा, म्हणून मी खण उघडायचं सोडलं.

आत ऑफिसातल्या संगणकावर साईट उघडी असायची. तिचं मुखपान, हिरवं निळं. मी ती खिडकी लहान करून ठेवायची, कोणी आलं तर दिसू नये म्हणून. भिंतीपलीकडे व्हरांड्यात म्हातारी टेकलेली. आमच्यामध्ये फक्त नऊ इंचांची भिंत होती. किती वेळा उठले. किती वेळा बोट बटणापर्यंत नेलं. मग डोळ्यांसमोर स्वराली यायची, रस्त्यावरच्या ट्रका यायच्या. आणि लपवून काय करू, चिखलदऱ्याचा घाटही यायचा. ईशानची पिवळी बस यायची. स्वरालीचं नाव मी मनाशी मोठ्याने घ्यायची, म्हणजे बाकीचं ऐकू येऊ नये.

माझी झोप गेली. जेवण गेलं. नवऱ्यावर खेकसायची, मुलांवर हात उचलला नव्हता तो एकदा उचलला. दुसरं मूल मिळतं का म्हणून सप्टेंबरात पुन्हा दारोदार फिरले. वीटभट्टीवर गेले, उड्डाणपुलाखाली गेले. एका बाईने हात जोडले, “मॅडम, आमी दिवाळीनंतर इथं नसतो.” मी म्हटलं, “मला तीस सप्टेंबरपर्यंतच पाहिजे.” मी काय बोलून बसले ते मला स्कूटीवर बसल्यावर कळलं.

सव्वीस सप्टेंबरला हलीमाबी सहाव्यांदा आली. या खेपेला तिला खोकला होता. दुपारी मी मुलींकडून स्वाध्यायाच्या वह्या घेत होते, दार उघडं होतं. स्वराली पाणी पिऊन येताना तिच्यापाशी थांबली.

“आजी, तुमी काहून बसल्या?”

“साईट उघडाची वाट पायतो बेटा. तुया मैत्रिनीचं नाव सोडवाचं हाय.”

“साईट त चालू हाय ना! आत्ताच बाईनं आमचे आधार नंबर टाकले. मीच वाचून देल्ले.” आणि तेवढ्यावर न थांबता पोरगी कौतुकाने म्हणाली, “अन् तुबाचं नाव हायच की त्यात. बाई रोज तिची हजेरी लावतात.”

मी दारात होते. हातात वह्या. हलीमाबीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडेल, शिव्या घालेल, आणि मला ते हवं होतं. आमच्याकडच्या बाया तोंडाच्या फटकळ, त्या चिडल्या की सात पिढ्या काढतात. ती खांबाला धरून उठली, लुगड्याची धूळ झटकली.

“बरं,” एवढंच म्हणाली आणि फाटकाबाहेर गेली.

मी आत धावले. खुर्चीवर बसले, ओळ उघडली, बोट बटणावर ठेवलं. शेखर सर मागे येऊन उभे होते. त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती. चार दिवस. फक्त चार दिवस. साठ गेले तिथे चार.

मी बोट उचललं.

तीस सप्टेंबरला आकडा गेला: वीस. सरांनी गिला वडा मागवला, अख्ख्या शाळेला. मुलं खूश. श्रावण येऊन हात जोडून गेला, “मॅडम, तुमच्यामुळं शाळा वाचली.” मी माझा वडा उचलून स्वरालीच्या ताटात टाकला.

एक तारखेला सकाळी सात वाजता, शिपायाच्याही आधी शाळेत जाऊन मी बटण दाबलं. दोन सेकंद लागले. दोन तारखेला गांधी जयंतीचं झेंडावंदन उरकून, दाखला आणि गुणपत्रक पिशवीत घालून मी मोर्शीची एसटी धरली. बैल गेला अन् झोपा केला. पण झोपा तरी करावाच ना.

दुकान शोधायला वेळ लागला नाही. मागच्या खोलीत घर. दारात तुबा होती. कडेवर ताहेरच्या मेहुण्याचं तान्हं, दुसरं पायाशी लोळत होतं. मला पाहून तिने तोंड फिरवलं. हलीमाबी कापूस विंचरत बसली होती. ती उठली, माठातलं पाणी तांब्यात घेऊन माझ्यापुढे ठेवलं. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, ते तिने दिलं.

मी एका दमात बोलले. की नाव सुटलं, मोर्शीच्या सरांशी फोनवर बोलणं झालंय, उद्यापासून पोरीला पाठवा, पुस्तकं मी स्वतः आणली आहेत, मागचा अभ्यास मी दर रविवारी येऊन करून घेईन.

“तुबा,” मी म्हटलं, “जाशील ना बेटा?”

तुबा दाराच्या चौकटीला नख लावत उभी होती. “मी नाई जात.”

“का गं?”

“त्या शाळेतल्या पोरी म्हनतात तुयं नावच नाई. सर हजेरी घेत अन् माया नंबर येतच नव्हता. रोज मले वाटे आज येईन.” तिने कडेवरचं मूल सावरलं. “आता मले गनितं आठवत नाईत. मी घरीच बरी.”

मी हलीमाबीकडे पाहिलं, तिने समजवावं म्हणून. “आजी, तुम्ही सांगा ना तिला. तुम्ही एवढ्या शाळा फिरल्या तिच्यासाठी.”

“फिरलो व्हय,” ती म्हणाली. “उनात फिरलो. दोन शाळेतले खोटे बोलले ते मले तवाच दिसलं बाई. तुमचं खोटं दिसाले चार महिने लागले. म्हनून तुमचं जास्त लागलं.”

मी रडले. चारचौघांत, दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने. माफी मागितली. तिने मला थांबवलं नाही आणि हिणवलंही नाही. दाखला घेतला, नीट पाहिला, तोही उलटा, आणि फळीवर डब्याखाली ठेवला. “ठेवतो. पोरीचं मन झालं त पाहू.”

मग कमरेचा बटवा सोडला. त्यातून चार घड्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला. माझा तक्ता. रंग उडाले होते, घडीच्या रेषेवर फाटला होता. आमच्या रकान्याभोवती तुबाने केलेला पेनचा गोल अजून तसाच होता.

“हा घेऊन जा,” हलीमाबी म्हणाली. “पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कोनाच्या दारी दाखवाले कामी पडीन.”